दिवाळसणाचा टर्बो

शशीने आयुष्यात मोटरवेवर पासष्ट मैलांच्या वर गाडी नेलेली मला आठवत नाही. मागून लॉरीवाले दिवे मारतात, मी शेजारी बसून पुटपुटते, आणि हा आपला डाव्या लेनमध्ये ताठ बसून स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून असतो. असा माणूस एकाहत्तराव्या वर्षी टर्बोचार्जर या विषयात गळ्यापर्यंत बुडाला, तो कुणाच्या नादी लागून नव्हे. सगळा घोळ त्याच्याच हौसेचा.

शशी म्हणजे माझा नवरा, डॉक्टर शशिकांत. नागपूरला आम्ही मेडिकलला एकाच बॅचला होतो, त्यामुळे अहो-जाहो कधी जमलंच नाही. मी कधी 'अहो' म्हटलं की तो ओळखतो, आता आपलं काही खरं नाही. तो भूलतज्ज्ञ, मी जीपी. आधी बर्मिंगहॅम, मग लंडन, आणि आता दोघंही रिटायर होऊन पिनरच्या घरात एकमेकांच्या पायात येत असतो. मूल एकच, वरदा. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली, म्हणून शशीच्या भाषेत 'उशिरा आलेली ट्रेन'. ती केंब्रिजला हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. या जुलैत तिचं गॅविनशी लग्न झालं.

गॅविन कॅनडाचा. तिकडे पश्चिमेला डोंगरात एक लहानसं गाव आहे, वर्षातले सहा महिने बर्फात असतं म्हणे, तिथला. केंब्रिजला बॅटरीवर संशोधन करायला आला आणि क्रिकेट खेळताना खांदा निखळवून वरदाच्या टेबलावर येऊन पडला. उंचच्या उंच, बोलायला सावकाश, आणि कुठलीही गोष्ट सांगितली की ती शब्दशः खरी मानणारा. आमच्यासारख्या टिंगलखोर घरात असा जावई म्हणजे सगळ्यांचीच पंचाईत.

गणपतीला दोघं जेवायला आले होते. शशी सकाळपासून रंगात होता. मोदक वाढता वाढता त्याने विषय काढला. "लग्नानंतरची पहिली दिवाळी. दिवाळसण. जावयाला सासऱ्याने काहीतरी घसघशीत द्यायचं असतं. पण फुकट नाही हं. जावयाने आधी रुसायचं असतं. सासऱ्याने समजूत काढायची, मग जावई मागेल ते द्यायचं."

गॅविनने घास खाली ठेवला. "किती वेळ रुसायचं?" त्याने विचारलं. तो इंग्रजीतच बोलतो, मी आपलं इथे मराठीत सांगते.

"सासरा येईपर्यंत," शशी म्हणाला. "आणि हे बघ, तू ऐन दिवाळीत रुसलास आणि तू मागितलेली वस्तू तेव्हा मिळाली नाही तर माझी फजिती. त्यापेक्षा आत्ताच रुसून घे. ॲडव्हान्समध्ये."

वरदा हसून म्हणाली, "बाबा, डोन्ट. गॅविन टेक्स थिंग्ज सीरियसली." पण तोवर उशीर झाला होता. त्यात नंतर कळलं की तिनेच त्याला कानात सांगितलं होतं, काहीतरी अवाच्या सवा माग, तोच तर गेम आहे, मग बाबा बार्गेन करतात आणि शेवटी शर्टवर येतं.

जेवणं झाली. मी वरदाला वर घेऊन गेले, पैठण्या दाखवायला. शशी मोदकांच्या तुपाने सोफ्यावर गाढ. गॅविन कुठे दिसेना, म्हटलं फोनवर असेल. बऱ्याच वेळाने मी वरच्या खिडकीचा पडदा सारला आणि बघते तर काय, बाहेर भुरभुर पाऊस, आणि बागेतल्या बाकावर आमचा जावई हाताची घडी घालून, मान एका बाजूला वळवून, नीट रुसून बसलेला. केस डोक्याला चिकटलेले.

मी जिन्यावरूनच ओरडले, "अहो! जावई भिजतोय तुमचा!"

शशी चप्पल शोधत, छत्री उलटी उघडत बागेत धावला. मी खिडकीतून बघत होते. याने छत्री त्याच्या डोक्यावर धरली, काहीतरी विचारलं. गॅविन काहीतरी म्हणाला. शशीने त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारून मोठ्याने म्हणाला, "दिलं!"

घरात येऊन त्याने टॉवेल मागितला आणि जाहीर केलं, "जावयाला टर्बो किट हवंय. त्याच्या स्लेडसाठी."

वरदाचा चेहरा मी तेव्हा बघायला हवा होता. मी टॉवेल आणायला वळले होते.

ही स्लेड म्हणजे बर्फावर चालणारी मोटरसायकलच म्हणा. पुढे दोन स्की, मागे चाकांऐवजी रुंद रबरी पट्टा. गॅविनची स्लेड डोंगर चढण्यासाठीची, त्याच्या वडिलांच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली. वर्षातून एकदा, ख्रिसमसनंतर, दोघं दहा दिवस तिकडे जातात आणि तिच्यावर बसून बर्फात धुमाकूळ घालतात. अडचण अशी की डोंगरावर जसजसं वर जावं तसतशी हवा विरळ होते आणि इंजिनाला धाप लागते. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर जाणाऱ्या गरम धुरावर एक चक्र फिरवायचं आणि त्या चक्राच्या जोरावर बाहेरची हवा दाबून आत घालायची. कंपनीने बसवलेला नसेल तर बाहेरून किट आणून बसवतात.

हे मला का माहीत? कारण पुढचे सहा आठवडे आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

"अनु, हे तर मी जन्मभर केलं!" शशी पहिल्याच दिवशी उड्या मारत स्वयंपाकघरात आला. "पेशंटला श्वास घेता येत नाही, म्हणून आपण दाबून हवा द्यायची. कमी दिली तर भागत नाही, जास्त दिली तर फुप्फुस फुटतं. सगळा खेळ मधल्या चार बोटांचा."

"तुझ्या पेशंटला पट्टा नव्हता," मी म्हटलं.

पण त्याला ऐकायला वेळ कुठे होता! एरवी टीव्हीचा रिमोट मला विचारून चालवणारा माणूस, तो कॅनडातल्या दाढीवाल्या पोरांचे व्हिडिओ बघू लागला. जेवताना बूस्ट, झोपताना क्लच. इथल्या मराठी मंडळाच्या कोजागिरीला त्याने शेजारी बसलेल्या लीलावतीबाईंना इंजिन 'लीन' जाणं म्हणजे काय ते समजावलं. हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं तर पिस्टन अक्षरशः वितळतो. त्या बिचाऱ्या दुधाचा कप हातात धरून "हो का, हो का" करत होत्या.

किटं तीन होती. तिसरं त्याने लगेच बाद केलं. त्याला शर्यतीच्या गाड्यांचं खास इंधन लागायचं आणि ताकद अचानक अंगावर यायची. राहिली दोन. पहिलं साधं, हलका दाब, पंपावरचं नेहमीचं पेट्रोल चालतं. समुद्रसपाटीला इंजिनात जेवढी ताकद असते तेवढी डोंगरमाथ्यावर टिकवून ठेवायची, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा. बसवा आणि विसरा. दुसरं त्याहून पुष्कळ चांगलं. दाबलेली हवा तापते, तिला थंड करायचा कूलर त्यात होता, हँडलवरचा खटका अंगठ्याने दाबल्याबरोबर ताकद यायची, वाट बघावी लागत नव्हती. पण त्याची मर्जी राखावी लागते. थंडी वाढली-कमी झाली की पेट्रोलचं सेटिंग बदलायचं, क्लच तपासायचा, स्लेड गावातल्या दुकानात अधूनमधून दाखवून आणायची. आणि चालवणाऱ्याचा हात त्यावर रोज असला पाहिजे, तरच ते कळतं.

शशीचा कौल पहिल्याला. पहिल्या दिवसापासून, ठामपणे.

"दुसरं चांगलं आहे ना पण?" मी एकदा विचारलं. "दिवाळसण आहे, कंजूषपणा कशाला?"

"कंजूषपणा नाही. भूल देणं कुणालाही जमतं, अनु. माणूस परत जागा झाला पाहिजे. पहिलं ते करतं."

मला पटलं. सावध माणूस आहे, पासष्ट मैलांचा माणूस आहे, पहिलंच घेणार. गंमत म्हणजे गॅविनला किट नकोच होतं. दर फोनवर तो म्हणायचा, "बाबा, तो जोक होता. खरंच नको. शर्ट द्या." बाबा म्हणायला तो लग्नाआधीच शिकला होता. आणि शशी म्हणायचा, शब्द म्हणजे शब्द. मला वाटायचं, किती भिडस्त मुलगा, आपल्या मराठी जावयांपेक्षा बरा.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी चकल्या तळत होते. टेबलावर आयपॅड उभा करून शशीचा केंब्रिजशी व्हिडिओ कॉल चालू होता. विषय अर्थात तोच.

"तू वर्षाला किती दिवस चालवणार? दहा," शशी समजावत होता. "दहा दिवसांसाठी पहिलं एकदम उत्तम."

"दहा दिवसांसाठी तर टर्बोच कशाला हवा, बाबा," गॅविन म्हणाला, आणि त्याने जीभ चावली.

लगेच वरदाचं डोकं स्क्रीनमध्ये घुसलं, तिच्या इथे वाढलेल्या मराठीसकट. "आई! चकली कसा झाला? दाखव ना!"

मी तीस वर्षं जीपी होते. पेशंट सर्दी-खोकल्याचं सांगून उठतो, दाराला हात लावतो, आणि तिथून वळून म्हणतो, "डॉक्टर, आणखी एक..." तेच खरं दुखणं असतं. ते 'आणखी एक' मला बंद दारातूनही ऐकू येतं. वरदाने विषय बदलला त्या क्षणी माझ्या हातातला झारा थांबला. वर्षातून दहा दिवस चालवायच्या गाडीला कुणी टर्बो बसवत नाही. जो तिथे राहायला जाणार असतो, तो बसवतो. त्या दिवशी पावसात बसून गॅविनला अवाच्या सवा काय मागावं हे सुचेना, आणि मनात जे घोळत होतं ते तोंडातून गेलं. म्हणून तो तेव्हापासून नको-नको करत होता. आमची भेटवस्तू घ्यायची आणि आमची मुलगी कुठे चाललीये ते लपवायचं, हे त्याच्याच्याने होत नव्हतं.

"छान झाल्यात," मी वरदाला म्हटलं. कढईतल्या घाण्याचा कोळसा झाला होता.

मी रागावले. खोटं कशाला बोलू, मी भयंकर रागावले. केंब्रिज म्हणजे एक ट्रेन आणि मग मेट्रोपॉलिटन लाइन. दर पंधरा दिवसांनी ती येते, शशी पाच मिनिटांच्या स्टेशनवर अर्धा तास आधी जाऊन उभा राहतो. दोन वर्षांपूर्वी त्याला स्टेंट घातला तेव्हा ती आठवडाभर कामावरून सुटून रोज येत होती, पहाटे परत जात होती. ही मुलगी आठ तास मागे असलेल्या, विमान बदलून जावं लागणाऱ्या गावात निघाली होती आणि मला चकली कसा झाला विचारत होती.

दुपारी मी एकटीच बसून तिने जानेवारीत पाठवलेला व्हिडिओ पुन्हा पाहिला. त्यात ती स्वतः स्लेड चालवते, उतारावर वळते, आणि तिरकी होऊन सरळ बर्फात पडते. गळ्यापर्यंत आत. कॅमेरा धावतो. मला वाटतं लागलं, आणि बर्फातून हसण्याचा आवाज येतो. माझी मुलगी शांत आहे, लहानपणापासून. हळू हसते, तोंडावर हात ठेवून. असं खळखळून, श्वास पुरत नाही असं हसताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. मी ते तीनचारदा ऐकलं. राग गेला नाही, पण त्याच्या शेजारी आणखी काहीतरी येऊन बसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मेमोरियल पार्कमध्ये फिरायला गेलो. तळ्याजवळ आल्यावर मी म्हटलं, "अहो."

शशी जागच्या जागी थांबला.

"वर्षातून दहा दिवस चालवायच्या गाडीला कुणी टर्बो बसवतं का?"

त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "नाही बसवत."

"म्हणजे तुला कळलंय."

"बागेत छत्री घेऊन गेलो ना, तेव्हाच. टर्बो म्हणाला आणि असा चेहरा झाला त्याचा, जसं काही तोंडातून दात पडला. मग मी एकदा सहज विचारलं, गावातलं दुकान हिवाळाभर उघडं असतं का. तर त्याला दुकानाच्या वेळासुद्धा पाठ."

"आणि तू मला बोलला नाहीस! सहा आठवडे!"

"तू फराळाचं बोलत होतीस, त्याला अनारसे आवडतील का म्हणत होतीस. कसं सांगू?"

"मग तू 'दिलं' कशाला म्हणालास? शर्टावर आणायचं होतं ना बार्गेन करून!"

"भिजला होता गं तो," शशी म्हणाला. "माझ्या सांगण्यावरून."

मी बाकावर बसले. तोही बसला. तळ्यात एक बदक दुसऱ्याच्या मागे लागलं होतं, त्यांचा आरडाओरडा चालला होता.

"आणि पहिल्या किटचं एवढं गुणगान?" मी विचारलं. "जागा झाला पाहिजे वगैरे?"

त्याने बदकांकडे तोंड वळवलं. मग म्हणाला, "पहिलं पाहुण्याचं आहे, अनु. दुसरं तिथे राहणाऱ्याचं. मला वाटलं, आपण पहिलं घेऊन दिलं तर..."

चाळीस वर्षांच्या वर संसार केला या माणसाबरोबर. त्याच्यावर चिडावं की त्याला जवळ घ्यावं, ते मला तिथे बाकावर कळेना. मी त्याच्या कोटाची वरची गुंडी लावली. वारा होता.

"तू विचार तिला," तो म्हणाला.

"मीच का? तू विचार."

"माझ्याने नाही व्हायचं."

"ठीक आहे," मी म्हटलं. "शनिवारी मी बोलते."

आणि काय बोलायचं तेही मी ठरवलं. फार नाही, एकच वाक्य. 'बाबांच्या हृदयाचं तुला माहीत आहे, बाकी तुझी मर्जी.' एवढं म्हटलं की पुरे होतं. मी वरदाला ओळखते. ती वाद घालणार नाही, रडणार नाही, हळूच 'ओके आई' म्हणेल आणि केंब्रिजला राहील. गॅविनही राहील, कारण तो तसा आहे. त्या वाक्यात खोटं काहीच नव्हतं. आठवडाभर ते मी तोंडात धरून होते. अनारसे तळताना, रांगोळीचे रंग शोधताना, मंडळाच्या फराळाला पुरुषोत्तम जोशी 'मुलगी जवळ आहे, नशीबवान आहात' म्हणाले तेव्हाही.

पाडवा खरा बुधवारी होता. आम्ही इथली माणसं सण उचलून शनिवारी ठेवतो. दोघं सकाळीच आली. गॅविनने कुडता घातला होता, बाह्या मनगटाच्या बऱ्याच अलीकडे संपत होत्या. त्याला पाटावर मांडी घालता येईना, गुडघे कानापर्यंत आले. वरदाने त्याला ओवाळलं, मग बाबांना ओवाळलं. तिने बाबांना कुंकू लावलं तेव्हा शशीने तिचा हात आपल्या हाताने कपाळावर टेकवून धरला. मी ताम्हनातली निरांजनं बघत राहिले. जेवताना सगळे जास्तच बोलत होते. गॅविनने अनारसा मागून घेतला आणि त्यावर खसखस का लावतात ते विचारलं. मी त्याला आणखी एक वाढला.

वाक्य बोलायची वेळ तीनदा आली आणि तीनदा मी वाढायला उठले.

पाच वाजता शशीने लॅपटॉप आणि फोन टेबलावर मांडले. कॅनडातलं दुकान तेव्हा उघडतं. गॅविनच्या गावातलंच दुकान, किट तेच बसवून देणार होते. "आज मुहूर्त आहे," शशी म्हणाला, "ऑर्डर देऊन टाकू." फोन त्याने स्पीकरवर टाकला.

दुकानदार मोठ्या गळ्याचा, आनंदी माणूस होता. लंडनहून सासरा जावयासाठी टर्बो घेतोय हे ऐकून त्याने आधी मागच्या कुणालातरी ओरडून सांगितलं. मग कामाचं विचारू लागला. स्लेड कोणती? गॅविनने सांगितलं. किती उंचीपर्यंत जाता? सांगितलं. बसणाऱ्याचं वजन? पेट्रोल कुठलं भरता? गॅविन एकेका प्रश्नाला नीट, सावकाश उत्तर देत होता.

"आम्ही पहिल्या किटचा विचार करतोय," शशी मध्येच म्हणाला.

"चांगलं आहे," दुकानदार म्हणाला. "पण ते तुम्ही किती चालवणार त्यावर आहे. वर्षातून आठ-दहा दिवस येणार असाल तर तेच घ्या, ते तुम्हाला त्रास देणार नाही. इथे राहून सगळा हिवाळा चालवणार असाल तर मी ते विकणार नाही, तुम्ही महिन्याभरात कंटाळाल. तर सांगा, दहा दिवस की सगळा हिवाळा?"

गॅविनचे कान लाल झाले. त्याला खोटं बोलता येत नव्हतं, आणि खरं बोलणं त्याच्या हातात नव्हतं, ते वरदाचं होतं. तो तिच्याकडे बघू लागला. शशी लॅपटॉपच्या स्क्रीनवर काहीतरी वाचतोय असं दाखवत होता, चष्मा मात्र कपाळावर होता.

"हॅलो?" दुकानदार म्हणाला. "आहात ना?"

आणि वरदाने माझ्याकडे पाहिलं. बाबांकडे नाही, गॅविनकडे नाही, माझ्याकडे. शाळेत असताना हातून काही फुटलं की ती दारात अशी उभी राहायची. चौतीस वर्षांची माझी मुलगी, स्वतःच्या आयुष्यातली एवढी आनंदाची गोष्ट पोटात दाबून बसली होती, कारण तिला माझी भीती वाटत होती. मी काय बोलेन याची. आणि तिची भीती बरोबर होती, कारण वाक्य माझ्या जिभेवर होतं, तयार.

मला त्या क्षणी माझीच लाज वाटली आणि तिची फार माया आली. मी टेबलावरून पुढे वाकले. फोन मैलभर लांब असल्यासारखी मी मोठ्याने बोलले, माझ्या क्लिनिकमधल्या इंग्रजीत.

"ऑल विंटर," मी म्हटलं. "माय डॉटर अँड सन-इन-लॉ आर मूव्हिंग देअर."

वरदाचा हात गॅविनच्या कुडत्याच्या बाहीवर गेला.

"अरे वा! स्वागत आहे मग!" तिकडून आवाज आला. "तर मग प्रश्नच नाही, तुम्हाला दुसरं हवं. पण निर्णय तुमचा."

मी शशीकडे पाहिलं. सहा आठवडे त्याने पहिल्याची वकिली केली होती, माझ्याकडे, गॅविनकडे, लीलावतीबाईंकडे. त्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि डोळ्यांवर लावला. दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"दुसरं द्या," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी स्थिर होता. ऑपरेशननंतर बाहेर थांबलेल्या नातेवाइकांशी तो असाच बोलायचा.

"बाबा," गॅविन म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. एवढा मोठा माणूस, तोकड्या बाह्यांनी नाक पुसत बसला.

वरदा खुर्ची सरकवून माझ्याकडे आली आणि जमिनीवर बसून तिने माझ्या मांडीत डोकं घातलं. "आई, मी सांगणार होती. रोज सांगणार होती. मला तिथे जॉब मिळाला, जानेवारीपासून. मला वाटलं, तू... बाबांचा हार्ट..."

"बाबांचं हृदय ठणठणीत आहे," मी म्हटलं. "तो पार्कात माझ्यापेक्षा भराभर चालतो."

"पण आई, तू एकटी पडशील."

"पडेन," मी म्हटलं. "मग येईन तिकडे. तुझ्या त्या बर्फात गळ्यापर्यंत रुतून बसेन."

टेबलापाशी शशी दुकानदाराशी बोलतच होता. कूलर आत धरलेला आहे का, बसवायला किती दिवस लागतील, पहिल्यांदा चालवताना दाब कमी ठेवता येतो का. मग थोडं थांबून त्याने विचारलं, तुमच्या गावापासून मोठं हॉस्पिटल किती लांब आहे, आणि रस्ता बंद झाला तर हेलिकॉप्टर कुठे उतरतं. दुकानदार हसला नाही. त्याने सगळं नीट सांगितलं, आणि शशीने ते पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली.

वरदाने डोकं वर केलं. कुंकू तिच्या कपाळावर फिसकटलं होतं, तेल-उटण्याचा वास केसांना अजून होता.

"आई, तू रागावलीस?"

"हो," मी म्हटलं. "खूप." आणि तिला आणखी जवळ ओढलं.